तेवीस प्रमाणपत्रे आणि एक वही

माझ्या टेबलाच्या खालच्या खणात एक प्लॅस्टिकची फाइल आहे. तिच्यात तेवीस प्रमाणपत्रे आहेत आणि सगळी २०२० सालची. कोविडविषयक प्रश्नमंजूषेत दहापैकी आठ गुण मिळवल्याबद्दल एक. ताणतणावाचे व्यवस्थापन कसे करावे या वेबिनारला हजर राहिल्याबद्दल एक. संकटातून संधी कशी शोधावी या व्याख्यानमालेबद्दल एक. आणि (हसू नका) ऑनलाइन कविसंमेलनात श्रोता म्हणून उपस्थित राहिल्याबद्दल एक! कविता ऐकल्याबद्दल प्रमाणपत्र मिळण्याइतकी मराठी कवितेची अवस्था त्याआधी कधी झाली असेल असे मला वाटत नाही.

मी सरकारी कारकून. बी.ए. मराठी. कागद दिसला की पंच मारून फायलीला लावायचा ही हाताला लागलेली सवय. तेव्हा ही प्रमाणपत्रेही मी ऑफिस उघडल्यावर प्रिंट काढून नीट तारीखवार लावली. वर चिठ्ठी चिकटवली, 'वैयक्तिक व व्यावसायिक विकास'. त्या दिवसांत हा शब्दप्रयोग सगळीकडे होता. विकास झालाच पाहिजे, नाहीतर वर्ष फुकट गेले!

आज त्या वर्षाला बराच काळ लोटला. पण अजूनही दिवाळी अंक उघडा, एखाद्या सत्कारातले भाषण ऐका, निवृत्त अधिकाऱ्याचे आत्मकथन वाचा. कुठेतरी ते वाक्य भेटतेच: 'महामारीच्या काळाने मला घडवले.' कुणी गिटार शिकला, कुणी तीन कोर्स केले, कुणी पाव घरी भाजला (गोव्यात! दारात पोदेर येत असताना!). कुणाला म्हणे स्वतःची नव्याने ओळख झाली.

मंडळी, माझा या वाक्याला सरळ विरोध आहे. संकट कुणालाही घडवत नाही. संकटात माणसे काही कामे करतात, त्यातली काही चांगली असतात, आणि ती पुढे टिकवली तरच त्याला वाढ म्हणायचे. आपण त्या वर्षातले नेमके चांगले होते ते रद्दीत घातले आणि प्रमाणपत्रे जपून ठेवली, हे मला आज सांगायचे आहे. मला हे कळले ते गोव्यात नव्हे, सौंसरला.

*

सौंसर कुठे आहे असे इथे दहाजणांना विचारले तर नऊजण खांदे उडवतील. मीही उडवले असते. पण माझी आतेबहीण तिथे दिली आहे. मध्य प्रदेशात, अगदी दक्षिण टोकाला, महाराष्ट्राच्या सीमेला टेकून सौंसर आणि पांढुर्णा हे दोन तालुके आहेत. संत्र्यांच्या बागा, कापूस, आणि घराघरांत मराठी. २०२३ पर्यंत हे दोन्ही तालुके छिंदवाडा जिल्ह्यात होते. त्या वर्षी ते वेगळे काढून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा केला. पांढुर्ण्याहून नागपूर शंभरएक किलोमीटर, तर भोपाळ अडीचशेच्या पुढे. लग्नाचा बस्ता नागपूरला, मोठे दुखणे नागपूरला, संत्र्याचा व्यापारी नागपूरचा. सरकार मात्र भोपाळचे.

हे असे का झाले? १९५६ पर्यंत हा प्रश्नच नव्हता, कारण तेव्हाच्या मध्य प्रदेशाची राजधानीच नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा, आपल्या मराठी तालुक्यांसह, नव्या मध्य प्रदेशात राहिला. गंमत अशी की ज्या बख्त बुलंद राजाने नागपूर वसवले तो देवगडचा, आणि ते देवगड आज छिंदवाडा जिल्ह्यात आहे. म्हणजे नागपूर वसवणारे पलीकडे आणि वसलेले अलीकडे.

एरवी ही सीमा कुणाच्या डोळ्यांवर येत नसे. आपल्याकडे दोडामार्ग किंवा बांद्याच्या माणसाला रोज म्हापशाला येताना 'मी परराज्यात चाललो' असे वाटते का? तसेच. पण महामारीत रस्त्यावर बांबू आडवे आले आणि त्या माणसांना प्रथमच कळले की आपण 'पलीकडचे' आहोत. बांबोळीच्या इस्पितळावर भिस्त ठेवून असलेल्या सिंधुदुर्गातल्या लोकांचे पत्रादेवीच्या नाक्यावर जे झाले, ते आपण जवळून पाहिले आहे. पांढुर्णा-सौंसरला हे दोनदा झाले. एकदा २०२० च्या मार्चमध्ये, ऐन मृग बहाराच्या संत्र्याच्या तोडणीत. आणि दुसऱ्यांदा २० मार्च २०२१ पासून, जेव्हा मध्य प्रदेश सरकारने महाराष्ट्रात जाणाऱ्या-येणाऱ्या बसगाड्या बंद केल्या. ताई फोनवर म्हणायची, "अरे, नागपूर इथून दिसते म्हटले तरी चालेल, आणि जाता येत नाही."

*

२०२४ च्या पोळ्याला मी तिच्याकडे गेलो. मडगावहून नागपूर, तिथून बस. भावोजी सरकारी प्राथमिक शाळेत शिक्षक. गाव सौंसरपासून थोडे आत. शाळा हिंदी माध्यमाची, मुले बहुतेक मराठी घरांतली. काही घरांत पवारी बोलतात, काही गोंडी. भावोजी स्वतः सौंसरचे मराठी, घरात अस्सल नागपुरी वळणाची मराठी बोलणारे.

पोळ्याच्या संध्याकाळी बैलांची मिरवणूक आटोपल्यावर गप्पा निघाल्या. मी आपली माझ्या तेवीस प्रमाणपत्रांची गोष्ट विनोद म्हणून सांगितली. भावोजी हसले. मग उठून आत गेले आणि लोखंडी पेटीतून एक गठ्ठा घेऊन आले. सुतळीने बांधलेल्या पंधरा-वीस वह्या. "हे माझे प्रमाणपत्र बघा," म्हणाले.

त्यांनी सांगितले ते असे. शाळा बंद झाल्यावर मध्य प्रदेश सरकारने ६ जुलै २०२० पासून पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'हमारा घर, हमारा विद्यालय' नावाची योजना सुरू केली. सकाळी दहाला घरातल्या मोठ्या माणसाने घंटा किंवा थाळी वाजवायची, की घरातच शाळा भरली. दुपारी एकला पुन्हा थाळी, की सुटली. अभ्यास मोबाइलवर किंवा रेडिओवर. आणि संध्याकाळी एक तास असा की मुलांनी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून गोष्ट ऐकायची आणि तिची टिपणे वहीत काढायची.

कागदावर छान. आता प्रत्यक्ष बघा. मोबाइल अनेक घरांत नव्हता, आणि होता तिथे तो बापाबरोबर शेतावर. रेडिओ तर आता कुणाकडे असतो? त्यामुळे दहा ते एक हा भाग बऱ्याच घरांत थाळी वाजवण्यापुरताच राहिला. पण संध्याकाळच्या तासाला ना मोबाइल लागत होता, ना रिचार्ज. आजी लागत होती, आणि आजी प्रत्येक घरात होती.

आजीला आधी पटेना. "मले काय येते बाप्पा? मी कुठी शाळेत गेली?" हे भावोजींना दारोदार ऐकायला मिळाले. पण नातवाला मास्तरांना वही दाखवायची होती, म्हणून ती सांगू लागली. अर्थात मराठीत. आणि पोराने लिहिले हिंदीत, कारण शाळा हिंदी. म्हणजे चौथीतले पोर दर संध्याकाळी कुणी न शिकवता भाषांतर करत होते! भाषांतराच्या कार्यशाळेला तिकडे पुण्या-मुंबईत फी भरून लोक बसतात.

मी एक वही उघडली. पहिल्या पानावर साधारण असे: 'एक बुढिया थी, वो अपने वावर में पऱ्हाटी देखने बंडी में बैठके जाती थी.' या एका वाक्यात लाल शाईच्या तीन खुणा. वावर खोडून खेत. पऱ्हाटी खोडून कपास. बंडी खोडून बैलगाड़ी. दुसऱ्या पानावर तशाच खुणा. तिसऱ्यावर थोड्या कमी. पाचव्या-सहाव्या पानानंतर लाल शाई दिसेना. त्याऐवजी समासात निळ्या पेनने लिहिलेले: 'आजी से पूछना, इळा कैसा होता है? चित्र बनाओ.' आणि खाली पोराने काढलेले विळ्याचे चित्र.

मी विचारले, "भावोजी, लाल पेन संपले काय?"

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "वीस वर्षं लाल पेन चालवला भाऊ. वर्गात पोरगं दिसते, त्याची आजी दिसत नाही. त्या वर्षी मी वही तपासायले घरोघर गेलो. आजी समोर बसली होती. तिच्यासमोर तिचा शब्द खोडायले हात उचलेना. आपल्या मायचीच बोली मी चूक म्हणून खोडत होतो ना."

पुढे एका मुलीच्या वहीत गोष्ट नव्हतीच. तिच्या आजीने तरुणपणी छोट्या गाडीने नागपूरला कसे जायचो ते सांगितले होते. नागपूर-छिंदवाडा छोटी लाइन २०१५ मध्ये मोठी करायला बंद झाली. त्या मुलीला ती गाडी आठवण्याइतकीही आठवत नसणार. पण डब्यात कोण कुठे बसायचे, टोपलीत काय काय असायचे, हे तिने दोन पाने लिहिले होते. हे कुठल्या गॅझेटियरमध्ये मिळेल?

मंडळी, व्यावसायिक विकास म्हणतात तो हा. वीस वर्षे नोकरी केलेला माणूस आपल्या हाताची चूक ओळखतो आणि हात थांबवतो. त्याला कुणी लिंक पाठवली नव्हती, शेवटी फीडबॅक फॉर्म भरायचा नव्हता. आणि त्याला याचे प्रमाणपत्रही मिळाले नाही.

"मग आता?" मी विचारले. "आता काय! शाळा उघडल्या, सिलॅबस आला, परीक्षा आल्या. तो तास गेला. वह्या बहुतेक रद्दीत गेल्या. हा एक गठ्ठा मी ठेवला म्हणून राहिला."

*

आता माझ्या घरची गोष्ट सांगतो, म्हणजे मी कुणाला शहाणपण शिकवतो आहे असे वाटायला नको.

माझी आई डिचोली तालुक्यातली. लॉकडाऊनमध्ये ती आमच्याकडे होती. आई धालो गाणारी. जुन्या ओव्या तिला पाठ होत्या. दुपारी भाजी चिरताना, संध्याकाळी वाती वळताना गुणगुणायची. बोलणे कोकणी, ओव्या मराठी, आणि मध्ये कुठे एकीतून दुसरीत जायची ते तिला स्वतःलाही कळत नसे. एके दिवशी, जुलै असेल, मी दार लावून आतल्या खोलीत वेबिनारला बसलो होतो. विषय होता मौखिक परंपरेचे जतन. वक्ते विद्वान होते, मुद्दे चांगले होते, मी टिपणे काढली. मध्येच आईने दारावर थाप मारली, "जेवंक येता मरे?" मी माइक बंद आहे ना ते आधी बघितले आणि मग तिला हाताने खूण केली, थांब.

त्या वेबिनारचे प्रमाणपत्र फायलीत आहे. क्रमांक अकरा. आई २०२२ मध्ये गेली. तिच्या ओव्यांपैकी मला पूर्ण येते अशी एकही नाही. अर्ध्यामुर्ध्या तीन आहेत.

यात दोष वक्त्यांचा नाही आणि तंत्रज्ञानाचाही नाही. दोष माझ्या समजुतीचा होता. वाढ ही बाहेरून येते, लिंक उघडल्यावर येते, ती देणारा कुणीतरी मोठा असतो आणि घेतल्याची पावती मिळते, अशी माझी पक्की समजूत होती. कारकुनाचीच समजूत म्हणा. जे आवक-जावक रजिस्टरात नाही ते झालेच नाही! आईची ओवी कुठल्या रजिस्टरात चढवणार?

*

'संकट माणसाला घडवते' या वाक्याचा आता थोडा समाचार घेतो. कारण ते दिसते निरुपद्रवी, पण त्याच्या आडून बरेच काही झाकले जाते.

संकटाने माणूस आपोआप घडत असता तर १९१८ च्या इन्फ्लुएंझानंतर आपण सगळे देवमाणसे व्हायला हवे होतो. हिंदुस्थानात त्या तापाने कोटीच्या वर माणसे नेली. देशाची लोकसंख्या आधीच्या जनगणनेपेक्षा घटलेली दिसली ती फक्त १९२१ मध्ये. तेव्हाचा मध्य प्रांत, म्हणजे नागपूर-छिंदवाड्याचाच हा मुलूख, सगळ्यात जास्त होरपळलेल्या भागांपैकी एक होता. त्यातून कोण काय शिकले? शंभर वर्षांनी आपल्याला ती साथ आठवली ती वर्तमानपत्रांनी आठवण करून दिली म्हणून. घरात कुणी सांगितले नव्हते, कारण कुणी लिहून ठेवले नव्हते. आपल्या गोव्याचेच बघा. साथीच्या रोगांनी जुने गोवे ओस पडले आणि १८४३ मध्ये राजधानी पणजीला आली. दगडी चर्चेस राहिली, त्यांची माहिती पर्यटकांना मिळते. पण ज्या घरांतून रोज माणूस जात होता त्या घरांत काय बोलणे होत होते, याचे अक्षर आपल्याकडे नाही.

आणि पांढुर्ण्याला तर याचे चालते-बोलते उदाहरण आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिथे गोटमार असते. मध्ये जाम नदी, एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्याला सावरगाव. नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्याला झेंडा बांधतात आणि दोन्ही काठांवरून दगड सुरू होतात. दरवर्षी शेकडो जखमी होतात. आजवर माणसे मेलीही आहेत. एकदा प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. लोकांनी चेंडू बाजूला सारले आणि दगडच उचलले. सांगतात ती कथा अशी की एका काठाचा मुलगा आणि दुसऱ्या काठाची मुलगी पळून जाताना नदीत सापडले आणि दोन्हीकडच्या दगडांनी मेले. संध्याकाळी तेच लोक चंडीमातेच्या देवळात एकत्र जातात. सोयरिकी एकमेकांतच आहेत.

मी गोव्याचा माणूस, मी त्यांच्या परंपरेवर निकाल देणारा कोण? तो त्यांचा त्यांनी द्यावा, आणि तिथले अनेकजण त्याविरुद्ध बोलतातही. माझा मुद्दा एवढाच. दगड डोक्याला लागला म्हणून कुणी शहाणा होत नाही. तसे असते तर गोटमार कधीच थांबली असती. लागणे वेगळे आणि शिकणे वेगळे. शिकायला कुणीतरी आपला हात आपण थांबवावा लागतो. भावोजींनी लाल पेनाचा थांबवला तसा.

*

आता आक्षेपांकडे येतो, कारण ते येणारच.

पहिला. "ऑनलाइनमुळे दूरच्या माणसाला व्यासपीठ मिळाले त्याचे काय?" खरे आहे. पांढुर्ण्याच्या कवीला पुण्याच्या श्रोत्यांसमोर कविता वाचायला मिळाली, पेडण्याच्या मुलीला नागपूरच्या प्राध्यापकाचे व्याख्यान मिळाले. मी हे नाकारत नाही. पण ते टिकले का? ९४ वे अखिल भारतीय साहित्य संमेलन साथीमुळे पुढे ढकलून डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला झाले. मंडप पुन्हा उभे राहिले, आणि पडद्यावर चौकोनात दिसणारा सीमेपलीकडचा कवी पुन्हा दिसेनासा झाला. एक वर्ष आपण त्याला 'आपला' म्हटले, कारण तेव्हा तिकिटाचा खर्च नव्हता!

दुसरा. "आजीच्या गोष्टींचे कौतुक पुरे. त्या वर्षात मुलांचे शिक्षण बुडाले." हेही खरे, आणि ते मीच आधी सांगतो. 'असर' या संस्थेच्या ग्रामीण पाहणीत, दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचू शकणारी तिसरीतली मुले २०१८ मध्ये १०० पैकी २७ होती, २०२२ मध्ये २० वर आली. आपल्या सत्तरीत आणि सांग्यात पोरे नेटवर्कसाठी डोंगर चढत होती. त्यांच्यासमोर 'महामारीने आम्हाला घडवले' म्हणायला तोंड कसे उघडते, हाच तर माझा प्रश्न आहे. पण त्याच आकड्यांनी दुसरेही विचारायला हवे. जे एक काम विनाखर्च, विनानेटवर्क चालले, ज्यात पोरगे रोज स्वतःच्या हाताने पानभर लिहीत होते, तेच आपण सगळ्यात आधी बंद का केले?

तिसरा आक्षेप आपल्या मराठीप्रेमी मित्रांचा असेल. "त्या मुलांनी लिहिले ते हिंदीत. यात मराठीचे काय भले झाले?" मित्रहो, इथेच माझे तुमच्याशी भांडण आहे.

लाल पेन फक्त भावोजींकडे नव्हते. ते आपल्याकडे गोव्यात घरटी एक आहे, आणि आपल्याकडे तर त्याचे दोन रंग आहेत. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली, मराठीला शासकीय वापरात जागा मिळाली, आणि तेव्हापासून आपले दोन पक्ष एकमेकांचे शब्द खोडत बसले आहेत. माझ्या आईची ओवी मराठीवाल्याने वाचली तर तो त्यातले कोकणी रूप दुरुस्त करणार. कोकणीवाल्याने वाचली तर तो मराठी शब्दाला भेसळ म्हणणार. दोघांच्या दुरुस्त्या झाल्यावर आईचे काय उरले? आणि ही मारामारी आपण जाम नदीच्या दोन काठांवरून करतो आहोत तोवर मुले कुठे गेली? २०११ मध्ये सरकारने इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान दिले आणि मुले तिकडे गेली. आज माझ्या शेजारच्या पोराला आजीची कोकणी अर्धी कळते, मराठी त्याहून कमी, आणि लिहिता दोन्ही येत नाही.

सौंसरच्या त्या चौथीच्या पोराने निदान 'वावर' लिहिला. हिंदी वाक्यात का असेना, देवनागरीत, स्वतःच्या हाताने. तो शब्द त्याच्या वहीत आला तो मराठीच्या चळवळीमुळे नाही. कुणीतरी त्याला सांगितले की तुझ्या आजीला जे येते ते लिहिण्यासारखे आहे, म्हणून आला. आपण आपल्या पोरांना हे सांगितले आहे काय? मी तरी नव्हते सांगितले. मी दार लावून बसलो होतो.

*

आता नुसती टीका करून उठून जाऊ नये म्हणून तीन गोष्टी सुचवतो.

एक. त्या वर्षाच्या विकासाच्या गोष्टी सांगणे आता पुरे. सांगायचेच असेल तर असे काम सांगा जे तेव्हा सुरू केले आणि आजही करता आहात. बाकीच्यासाठी माझ्या खणात जागा आहे, आणून द्या, तारीखवार लावून देतो.

दोन. संध्याकाळचा एक तास, निदान आठवड्यातून एकदा. देवळाची अग्रशाळा चालेल, वाचनालय चालेल, घरचा सोपा तर चालेलच. मुलांनी म्हाताऱ्या माणसाला विचारायचे आणि त्याने जसे सांगितले तसे लिहायचे. कोकणीत आले तर कोकणी, मराठीत आले तर मराठी, मिसळून आले तर मिसळून. अट एकच, लाल पेन घरी ठेवून यायचे.

तीन. हे कागद ठेवायची सोय. मी कारकून आहे, मला एवढे नक्की कळते की कागद ठेवणारा नेमला नाही तर कागद राहत नाही. आपल्याकडे गोमंतक मराठी अकादमी आहे, भोपाळला मध्य प्रदेश सरकारची मराठी साहित्य अकादमी आहे. या संस्थांनी एक कपाट द्यावे. पांढुर्णा-सौंसरच्या शिक्षकांकडे असे आणखी गठ्ठे असतील तर ते रद्दीवाल्याच्या आधी मागून घ्यावेत. सत्कार आणि शाल यांच्या खर्चात एवढे सहज बसेल.

सौंसरहून परत आल्यावर मी एक शंभर पानी वही आणली. आईच्या तीन अर्ध्या ओव्या पहिल्या पानावर लिहिल्या, जिथे आठवत नाही तिथे जागा सोडून. मग आईच्या बरोबर धालोला जाणाऱ्या बायका शोधायला डिचोलीच्या बाजूला गेलो. दोघी भेटल्या. एकीने त्या तीनपैकी एक ओवी पुरी करून दिली. दुसरीने सांगितले की तिच्या वाड्यावर ती वेगळी म्हणतात, आणि दोघींचे माझ्यासमोर त्यावरून चांगलेच वाजले. मी दोन्ही लिहून घेतल्या.

पहिल्या पानावर अजून दोन जागा मोकळ्या आहेत. डिचोली, सत्तरी किंवा पेडण्याकडच्या कुणाच्या घरात धालो गाणारी आजी असेल तर कळवा. मी येईन, वही घेऊन येईन.

तूर्तास एवढेच. चूकभूल द्यावी घ्यावी.